रोजची भिंत, आत्ताची भिंत

हे मी चिडून लिहितो आहे, ते आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं झाली, आता राग निवला असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढं वाचू नये. अकोल्यात मी दोन वर्षं इंग्रजीचा मास्तर होतो आणि एका दुपारनंतर नव्हतो. मधे जे झालं ते सांगायचं आहे.

तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून यायचे, शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचे, आणि आमच्यासारख्या तात्पुरत्या मास्तरांचा जीव त्यांच्या शेऱ्यात अडकलेला असायचा. मी भातकुलीकडचा, माळ्याचा मुलगा. आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी आणि दसरा-दिवाळीला शेवंती, सगळं बैलबंडीत घालून अमरावतीच्या बाजारात जायचं. घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला. अकोल्याच्या एका खाजगी शाळेत मला जागा मिळाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "दोन वरसं पायतो. कायम झाला तं मास्तर राय. नाही झाला तं मोटेवर ये. मले एकट्यानं आता बैल हाकनं होत नाही." बाबांचं बोलणं थोडं असायचं आणि एकदा बोलले की त्यात बदल नसायचा.

मला मोटेवर जायचं नव्हतं. कष्टाला मी भ्यालो नाही, लहानपणापासून केले होते. पण वर्गात उभं राहिलं की मला स्वतःबद्दल जे वाटायचं ते मळ्यात कधी वाटलं नव्हतं. रविवारी मला करमायचं नाही. सोमवारी मी घंटेच्या आधी अर्धा तास जाऊन बसायचो.

शाळेत आम्ही दोघे तात्पुरते होतो आणि कायम जागा एकच सुटणार होती. एक म्हातारे मास्तर पेन्शनीत निघाले होते. दुसरा तात्पुरता माझा खोलीसोबती. अमरावतीच्या एका वकिलांचा मुलगा, माझ्याच वयाचा, गोरापान, बोलायला असा गोड की दुधवालाही त्याच्यासाठी मलई राखून ठेवायचा. घरचं बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. माझं बोलणं ऐकून तो हसायचा, पण ते हसणं मला कधी लागलं नाही. त्याला ताप आला तेव्हा मी आठ दिवस त्याच्या उशाशी बसलो. माझ्याकडे कोट नव्हता तर त्यानं आपला जुना दिला. माझ्या आईनं पाठवलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा तो माझ्याआधी संपवायचा. एक जागा आणि आपण दोघे, हे आम्हाला माहीत होतं. त्यावर आम्ही थट्टा करायचो. "तुला मिळाली तर मी हार घालीन," तो म्हणायचा. "शेवंतीचा मीच आणून देतो," मी म्हणायचो.

आता इंग्रजीचं. पाचव्या इयत्तेच्या पोरांना वर्तमानकाळ शिकवायचा म्हणजे डोकं फोडून घेणं होतं. इंग्रजीला वर्तमानकाळ दोन. रोज होतं ते एक, आत्ता चाललं आहे ते दुसरं. 'आय गो' कधी म्हणायचं आणि 'आय अ‍ॅम गोइंग' कधी, यात पोरं हमखास आपटायची. पुस्तकात लिहिलेलं असे, 'मी जातो' म्हणजे आय गो आणि 'मी जात आहे' म्हणजे आय अ‍ॅम गोइंग. ही वाक्यं पोरं घडाघडा पाठ म्हणायची आणि दुसऱ्या मिनिटाला लिहायची, 'आय अ‍ॅम गोइंग टु स्कूल एव्हरी डे.' रोज शाळेत जातो, आणि रोज आत्ताच जातो! मी छड्या मारून पाहिल्या, नियम शंभर वेळा लिहवून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

एकदा एका पोराला मी विचारलं, अरे, तू 'अ‍ॅम गोइंग' का लिहिलंस? तो म्हणाला, "ते जास्त साहेबी वाटते, मास्तर." त्याचं खरं होतं. 'जात आहे' असं त्याच्या घरात कोणी म्हणतच नव्हतं. त्याच्या लेखी 'जात आहे' म्हणजे कोट-टोपी घातलेलं 'जातो'. दोन्हींचा अर्थ एकच, फक्त एक सणासुदीचं. मग इंग्रजीतसुद्धा तो मास्तरांसमोर सणाचं घालून यायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मला आमच्या मळ्यातली एक गोष्ट आठवली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. बाबा मोटेवर होते आणि मी पार दुसऱ्या टोकाला, मिरचीच्या रोपांच्या वाफ्यांजवळ फावडं घेऊन उभा. पाटानं पाणी माझ्यापर्यंत पोचायचं आणि मी एकेका वाफ्यात वळवायचं, असं आमचं ओलीत चालायचं. बाबांनी तिकडून हाक दिली, "पानी येऊन राहिलं काय रे?" मी चिंचेच्या सावलीत बसलेलो. डोकं वर न करता ओरडलो, "येते!" पाणी रोज येतच असे, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दिवशी मधेच पाट फुटला होता आणि सगळं पाणी शेजारच्या धुऱ्यात, म्हणजे बांधाकडे, चाललं होतं. बाबा तासभर बैल हाकत राहिले. माझे वाफे कोरडेच. उन्हाचे दिवस होते, रोपं हातची गेली. बाबांनी मला थोबाडीत दिली आणि म्हणाले, "येते ते रोजचं झालं. मी आत्ताचं इचारलं ना बे? डोये उघडून पाय आन् मंग सांग."

म्हणजे रोजचं आणि आत्ताचं यातला फरक आमच्या बोलण्यात आधीच होता, आणि इतका पक्का की त्यावरून थोबाडीत बसायची. करतो आणि करून राहिलो. जाते आणि जाऊन राहिली. जे शिकवायला मी वर्षभर छड्या मोडल्या ते पोरं घरून शिकूनच आली होती. फक्त शाळेच्या दारात ते उतरवून ठेवायचं, असा आमच्या शाळेचा दंडक होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाचं दार लोटून घेतलं. पोरांना म्हटलं, आज भिंती वाटून घ्यायच्या. खिडकीकडची ती रोजची भिंत, दाराकडची ती आत्ताची. मी इंग्रजीत करायचं वाक्य सांगीन, तुम्ही ते घरी बोलता तसं बोलायचं. तोंडातून 'करून राहिलो' निघालं की आत्ताच्या भिंतीकडे पळायचं, 'करतो' निघालं की रोजच्या. पोरांचा विश्वासच बसेना. मी म्हटलं, तुझी माय आत्ता घरी काय करते? एकजण भीत भीत म्हणाला, "भाकरी करून राहिली असन." पळ, आत्ताच्या भिंतीकडे! तुझा बाप काय करतो? "कापसाच्या जिनात जाते." रोजची भिंत! अर्ध्या तासात वर्गात धूळ उडाली, पोरं घामेघूम झाली, आणि त्यानंतर पाटीवर एकाचंही वाक्य चुकलं नाही. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

सगळंच बसत नव्हतं, तेही सांगतो. 'मले दिसून राहिलं' म्हणून पोर आत्ताच्या भिंतीकडे पळायचं आणि इंग्रजी म्हणते, नाही, 'आय सी'च म्हण. दिसणं, माहीत असणं, पाहिजे असणं, अशा हट्टी क्रियापदांसाठी मी तिसरी जागा केली, दाराचा उंबरठा. त्यांची नावं घेतली की पोरांनी उंबरठ्यावर उभं राहायचं आणि आत्ताचं असलं तरी रोजच्यासारखं बोलायचं. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेलो. मोटेची गोष्ट, भिंती, उंबरठा, कोणती वाक्यं आधी घ्यायची, कोणती मागून.

वही माझी खाजगी होती. शाळेची वही वेगळी, तिला टाचण म्हणायचे. येत्या आठवड्यात काय शिकवणार, कसं शिकवणार, हे टाचणात लिहून शनिवारी हेडमास्तरांपुढे ठेवायचं आणि त्यांची सही घ्यायची. आमचे हेडमास्तर पुण्याकडचे. एकदा दार लोटलेलं असतानाच ते वर्गात शिरले आणि त्यांच्या कानावर एका पोराचं 'खाऊन राहिलो' पडलं. त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. "मास्तर, ही शाळा आहे, बैलबाजार नाही. मुलांची वाणी सुधारायची की बिघडवायची? पुन्हा कानावर आलं तर मला शेरा लिहावा लागेल." मी हो हो म्हटलं. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. त्या शनिवारी टाचणात मी लिहिलं, 'वर्तमानकाळाचे नियम पाठ करून घेणे.' पुढच्या शनिवारीही तेच. वर्षभर तेच.

शिकवणं मात्र मी सोडलं नाही. मी पोरांना जवळ बसवलं आणि सांगितलं, "हे आपल्यातलं आहे. कोनी इचारलं, तुमचे मास्तर वर्गात असं शिकवतात काय, तं नाही म्हनायचं. हेडमास्तर असो, साहेब असो, नाहीच म्हनायचं." वर्गाचा मॉनिटर बाळापूरकडचा होता, काटक, काळाभोर, बारीक डोळ्यांचा. तो उभा राहून म्हणाला, "मेलो तरी नाही सांगनार, मास्तर." सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं.

माझ्या सोबत्याला मात्र मी सगळं सांगितलं होतं. त्याच्यापासून काय लपवायचं! त्याच्या वर्गातही पोरं याच ठिकाणी आपटत होती. मोटेची गोष्ट ऐकून तो पलंगावर उठून बसला. "हे तू पाठात घे," तो म्हणाला. डिप्टीसाहेब येणार, आम्हा दोघांचे पाठ बघणार आणि जागा कोणाला ते ठरवणार, असं तोपर्यंत कळलं होतं. मी म्हटलं, हेडमास्तर मला उभा कापतील. "अरे, साहेब वरचा. त्याला आवडलं की हेडमास्तर काय करणार? हेच घे. आणि वही दे इकडे, तुझं शुद्धलेखन म्हणजे देवाची करणी आहे, मी सुधारून देतो." मी वही दिली. चार दिवसांनी त्यानं परत केली. जिथं जिथं मी बाबांच्या तोंडचं 'पानी' लिहिलं होतं तिथं तिथं त्यानं तांबड्या पेन्सिलीनं 'पाणी' केलं होतं. मी त्याचे आभार मानले. खरंच मानले, आणि वर आईच्या हातचे लाडू काढून दिले.

तपासणीच्या दिवशी पहिला पाठ त्याचा, दुसरा माझा. आमच्या वर्गांच्या मधे पक्की भिंत नव्हती, बांबूच्या तट्ट्या होत्या. मी माझ्या पोरांना चिडीचूप बसवलं होतं. पलीकडून डिप्टीसाहेबांच्या बुटांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग सोबत्याचा तो गोड स्वर. सुरुवातीला मी लक्षच दिलं नाही, मनात माझा पाठ घोळवत होतो. मग पलीकडे पोरांची पळापळ ऐकू आली. पावलं एका बाजूला गेली, मग दुसऱ्या बाजूला. माझ्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्याआधी कळलं.

"मुलांनो, ही नित्याची भिंत आणि ही चालू क्षणाची भिंत," तो सांगत होता. मग मोटेची गोष्ट आली. "आमच्या मळ्यावर एक अडाणी माळी होता. त्याचा मुलगा अत्यंत आळशी. माळ्यानं विचारलं, पाणी येत आहे का रे..." डिप्टीसाहेब मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं. हेडमास्तरही हसले.

वही घेतली याचं मला वाईट वाटलं, पण ते मागाहून. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की यानं माझ्या बापाला आपल्या मळ्यावर नोकर ठेवला. त्याच्या घरचा मळा होता की नव्हता मला माहीत नाही. असला तरी त्यानं तिथं कधी फावडं धरलं नसणार. आणि माझ्या बापाची थोबाडीत त्यानं साहेबाला हसवायला वापरली. मधे पलीकडच्या एका पोरानं विचारलं, "मास्तर, 'मला दिसत आहे' कुठं जाईल?" सोबती क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "ते आपण नंतर पाहू." उंबरठ्याचं पान त्यानं वाचलं नव्हतं. त्या एका गोष्टीचा मला आनंद झाला, इतका क्षुद्र झालो होतो मी.

माझी पाळी आली. मला पुस्तकातला नियम सांगून पाठ उरकता आला असता. टाचणातही तेच होतं. पण मी इतका पेटलो होतो की मी भिंती घेतल्या, मोट घेतली, आणि सगळं वऱ्हाडीत घेतलं, साहेबांच्या तोंडावर, मोठ्यानं. पोरं आधी गोंधळली. मग मॉनिटर पळाला आणि त्याच्यामागे सगळी पळाली. पाठ चांगला झाला. माझ्या आयुष्यात तितका चांगला पाठ मी दुसरा घेतला नाही. उंबरठासुद्धा घेतला.

डिप्टीसाहेबांचा चेहरा मात्र आंबला होता. नागपूरचे होते, मराठी उत्तम जाणणारे. ते म्हणाले, "मास्तर, हाच पाठ मी आत्ता पलीकडे पाहून आलो. तिथं तो सभ्य भाषेत होता." मी म्हटलं, "साहेब, हा पाठ माझा आहे. वर्षभर मी असाच शिकवतो. पोरांना विचारा."

साहेब पोरांकडे वळले. त्यांचा आवाज मुळातच खडा, त्यात कपाळाला आठ्या. "काय रे, तुमचे मास्तर तुम्हाला नेहमी असंच शिकवतात? ही असली भाषा वर्गात नेहमी चालते?"

मॉनिटर उभा राहिला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बारीक डोळ्यांत मला भीती दिसली नाही, उलट धीर दिसला. मला धीर देत होता तो! आणि हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाला, "नाही जी. कदीच नाही. मास्तर नेम पाठ करून घेतात. हे आजच पयल्यांदा झालं."

"खरं सांगता?"

"हाव जी," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, खरं सांगा, मीच म्हणतो सांगा." पण माझ्या तोंडून ते अशा काही रडव्या आवाजात निघालं की पोरांना वाटलं, मास्तर साहेबांना दाखवायला म्हणताहेत. मॉनिटरनं पुन्हा मान हलवली, "नाही जी."

हेडमास्तरांनी दोन्ही टाचणं मागवली. सोबत्याच्या टाचणात मागच्या शनिवारच्या पानावर सगळं होतं, नित्याची भिंत, चालू क्षणाची भिंत, माळ्याची गोष्ट, सुवाच्य अक्षरात, खाली हेडमास्तरांची सही. माझ्या टाचणात त्याच शनिवारी माझ्याच हातचं होतं, 'नियम पाठ करून घेणे.' साहेबांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. मी म्हटलं, माझी एक वेगळी वही आहे, खोलीवर आहे. "त्या वहीवर कोणाची सही आहे?" साहेबांनी विचारलं. कोणाचीच नव्हती. त्यांनी सोबत्याला बोलावलं. तो दारात येऊन उभा राहिला, माझाच उंबरठा. मी त्याच्याकडे पाहिलं. अजूनही मला वाटत होतं की हा सांगेल. जागा त्यानंच घ्यावी हवी तर, पण सांगेल.

तो म्हणाला, "आम्ही एका खोलीत राहतो, साहेब. माझं टाचण यांच्या नजरेखालून गेलं असेल. यांच्या मनात वाईट काही नसणार. गरिबीतून आलेले आहेत, यांना एकवार क्षमा व्हावी अशी माझी विनंती आहे."

साहेबांना त्याचं मोठं मन फार आवडलं. शेऱ्यात तसं लिहिलंही असं नंतर कळलं. जागा त्याला मिळाली आणि मला त्याच दुपारी शाळेतून काढलं.

संध्याकाळी मी खोलीवर माझं गाठोडं बांधत होतो तेव्हा तो आला. मला वाटलं, निदान मान खाली घालील. तर तो पलंगावर बसून मला समजावू लागला. "तू ते टाचणात कधी लिहिणारच नव्हतास. तुझ्या वहीत ते कुजून गेलं असतं. आणि खरं सांगू? तुझ्या तोंडी ते गावठी वाटतं. माझ्या तोंडी त्याची पद्धत होते. मुलांचं भलंच झालं ना?" मी त्याच्या अंगावर त्याचा कोट फेकला आणि निघालो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोललो ते वऱ्हाडीत.

बाबांनी काही विचारलं नाही. दोन वर्षं झाली होती, मी कायम नव्हतो, करार झाला होता. सकाळी त्यांनी बैलांचा कासरा माझ्या हातात दिला. मी त्यांना डिप्टीसाहेबांचं सांगितलं, जागा गेल्याचं सांगितलं, सोबत्यानं दगा दिल्याचंही सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "खाल्ल्या भाकरीची जान ठेवली नाही त्यानं." पण त्यांना अडाणी माळी केल्याचं मी सांगितलं नाही. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आज लिहितो आहे. त्यानंतर मी पुन्हा कुठल्या शाळेत अर्ज केला नाही. लोक म्हणाले, दुसरीकडे बघ, बाळापूरला जागा आहे, मूर्तिजापूरला आहे. मी बघितलं नाही. भाषेचं नाव काढलं की माझ्या तोंडाला कडू यायचं. सोबती पुढं हेडमास्तर झाला असं ऐकलं. त्याच्याबद्दल मला अजून चांगला विचार करता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

पण त्याच्यावर राग धरणं सोपं होतं. दुसरी गोष्ट बरीच वर्षं मी डोळ्यांआड ठेवली होती.

बाबा गेले. मळा माझ्याकडे आला. एका सकाळी मी अमरावतीला राजापेठेत बंडी उभी करून मेथी आणि वांगी विकत होतो. एक माणूस भाव करता करता थांबला. अंगात स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम वाकून पायाला हात लावला. डोळ्यांवरून ओळखलं मी, मॉनिटर. अमरावतीला कचेरीत कारकून झाला होता. इंग्रजीवरच लागलो, मास्तर, म्हणाला. त्याला माझी ही दशा पाहून वाईट वाटलं असणार, पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काही होतं, बऱ्याच वर्षांपासून सांगायचं राहिलेलं.

"मास्तर, तुमाले आठोते काय? डिप्टीसाहेबानं इचारलं तवा कसं सांभाळलं होतं आमी तुमाले! एक पोट्टा नाही फुटला. अन् तुमी बी काय साहेबापुढं नाटक केलं, खरं सांगा म्हनून! तुमाले काढलं ते ऐकून लय रडलो आमी. पन आमच्या तोंडून नाही गेलं, मास्तर. आजवर कोनाले सांगतलं नाही."

तो अभिमानानं सांगत होता. मी त्याला काय सांगणार? तुम्ही एकदा हो म्हटलं असतं तर मी आज इथं नसतो, हे मी त्याला सांगू शकलो नाही. आणि ते पुरतं खरंही नव्हतं. सोबत्यानं वही घेतली. पण आपलं बोलणं लपवायचं आणि विचारलं की नाही म्हणायचं, हे त्या पोरांना मी शिकवलं होतं. माझ्या शिकवण्यातलं तेवढं त्यांनी सगळ्यात चांगलं पाठ केलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "शाबास."

त्याला फार बरं वाटलं. मुलीला पुढं ओढून म्हणाला, "हिले बी इंग्रजी सुरू केलं, मास्तर. घरी मीच शिकवतो, तुमच्यावानी. ही रोजची भिंत, ही आत्ताची भिंत. लय लवकर येते तिले." मग आवाज खाली आणून, मला खूश करायला म्हणाला, "पन तिले सांगून ठेवलं मी. शायेत असं बोलायचं नाही. कोनी इचारलं, घरी बाप कसा शिकवते, तं नियम पाठ करून घेते म्हनायचं."

मुलगी माझ्याकडे बघून हुशारीनं मान हलवत होती, तिलाही ते पाठ होतं.

"तिले सांग, बोल म्हना," मी म्हटलं. "शायेत मोठ्यानं बोल."

तो हसला. त्याला थट्टा वाटली.

"कायले, मास्तर? मार खायले?"

मी मेथीच्या दोन जुड्या मुलीच्या हातात दिल्या, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईला वांग्याचा भाव सांगू लागलो.